डेल्फीन मार्लोची अस्सल सही

भिंतीला रंग द्यायचं निघालं नसतं, तर नॉर्बर्ट हॅस्किन्सची अब्रू शाबूत राहिली असती. पण फेब्रुवारीतल्या एका शनिवारी त्याची बायको लोरीन म्हणाली, "नॉर्बर्ट, बैठकीच्या खोलीचा हा रंग मला आता बघवत नाही," आणि नॉर्बर्ट म्हणाला, "बरं." छत्तीस वर्षांच्या संसारात या 'बरं'ने त्याला पुष्कळदा खड्ड्यात घातलं होतं. या वेळचा खड्डा जरा खोल निघाला, एवढंच.

भिंत मोकळी करायची म्हणून रेडिओच्या वरचा फोटो खाली उतरवला. फोटो डेल्फीन मार्लोचा. डेल्फीन मार्लो कोण, हे आता हॉलिवूडला खेटून असलेल्या आमच्या बरबँकमध्येसुद्धा पोरांना सांगावं लागतं. आणि जिथून दगड मारला तर तो स्टुडिओच्या कुंपणात पडतो अशा गावात ते सांगावं लागतं, याचंच नॉर्बर्टला वाईट वाटे. एके काळी या बाईने पडद्यावर नुसते हातमोजे काढले, तरी थिएटरातले बापे तोंडातलं चावायचं विसरत. फोटोत ती खांद्यावरून मागे वळून बघत होती, आणि खालच्या कोपऱ्यात निळ्या शाईने लिहिलं होतं, "नॉर्बर्ट, बाहेर पडताना मफलर घालत जा. तुझी, डेल्फीन मार्लो."

हा फोटो आला तेव्हा नॉर्बर्ट तेरा वर्षांचा होता. साल एकावन्न, गाव नेब्रास्कातलं, आणि बर्फ खिडकीच्या चौकटीपर्यंत. त्याच हिवाळ्यात त्याची आई गेली. बाप वाईट नव्हता, पण रेल्वेतल्या पाळ्या करून यायचा, जेवायचा आणि झोपायचा. 'कुठे निघालास' असं विचारणारं घरात कुणी उरलं नव्हतं. मग एके दिवशी पोराने हॉलिवूडला चार पानी पत्र टाकलं. त्यात आईचं लिहिलं, आणि तुमचा आवाज थोडा तिच्यासारखा येतो, असंही लिहिलं. सात आठवड्यांनी पुठ्ठ्याचं पाकीट आलं. ते घेऊन पोरगं कोळशाच्या खोलीत जाऊन बसलं आणि मफलरचं वाक्य वाचून पोटभर रडलं. आपल्याला थंडी वाजते की नाही याची जगात कुणाला तरी काळजी आहे, हे त्याला त्या दिवशी कळलं. (मफलर मात्र त्याने घातला नाही. लोकरीचा होता, टोचायचा.)

असा तो फोटो. नॉर्बर्टने तो उजेडात धरला. छत्तीस वर्षं समोरच्या खिडकीतून कॅलिफोर्नियाचं ऊन खाऊन शाई विटत चालली होती. 'मार्लो'चा शेवट तर पार पुसट झाला होता.

"लोरीन, ही सही चाललीय."

"कुठे?" लोरीन शिडीवरून म्हणाली.

"पुसून चाललीय! अजून दहा वर्षांनी इथे काही दिसणार नाही."

"अजून दहा वर्षांनी तुला तरी कुठे दिसणार आहे?"

नॉर्बर्टने ते मनावर घेतलं नाही. त्याने तिथल्या तिथे ठरवलं, की ही पुसायच्या आत डेल्फीनची दुसरी अस्सल सही विकत घ्यायची आणि दोन्ही शेजारी शेजारी लावायच्या, अर्थात उन्हापासून दूर. लोरीनच्या हातातला ब्रश थांबला. "कशाला उगाच? एक आहे ना," ती म्हणाली. तिचा आवाज जरा वेगळा होता, पण बायकोच्या आवाजातले फरक टिपण्याइतका नॉर्बर्ट सावध नवरा कधीच नव्हता.

अक्षराच्या बाबतीत मात्र तो स्वतःला फार सावध समजे. चौतीस वर्षं त्याने बरबँकच्या टपाल कचेरीत पत्रं वेगळी केली होती. डॉक्टरांची, दारुड्यांची, प्रेमात पडलेल्यांची, कसलीही अक्षरं त्याच्या हाताखालून गेली होती, आणि ज्या पाकिटापुढे सगळी कचेरी हात टेकायची ते शेवटी नॉर्बर्टकडे यायचं. निवृत्तीनंतर ही विद्या वाया जाऊ नये म्हणून त्याने एक जाडं भिंग आणलं आणि सह्या गोळा करणाऱ्यांचं मासिक लावलं. भिंगाखाली बारीक ठिपके दिसले तर ती सही छापलेली. कडेला शाई साचून मध्ये कोरडं असेल तर रबरी शिक्क्याची. फोटो दुसऱ्या महायुद्धाच्या आधीचा आणि सही बॉलपेनची असेल, तर विकणाऱ्याला नमस्कार करून पुढे चालायचं. आणि सगळ्यांत मोठा नियम म्हणजे, नवी सही नेहमी शंभर टक्के खात्रीच्या जुन्या सहीशी ताडून बघायची. नॉर्बर्टकडे तर खात्रीची सही घरातच होती. त्याने तिचा फोटो काढून खिशातल्या पाकिटात ठेवला. (लोरीनचा फोटो पाकिटात नव्हता. तो दर वर्षी राहून जायचा.)

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी माजी सैनिकांच्या हॉलमध्ये जुन्या सिनेमाच्या वस्तूंचा बाजार भरतो. तिथे हॉवसेप बेदिकियनचं टेबल म्हणजे मानाचं टेबल. हॉवसेप शेजारच्या ग्लेनडेलचा, गळ्यात फुलपाखरी टाय बांधणारा, पोट टेबलाच्या आधी पोचणारा माणूस. तीस वर्षं तो सह्या विकत होता. नॉर्बर्टने डेल्फीनचं नाव काढताच त्याचे डोळे चमकले. त्याने पातळ कागदात गुंडाळलेलं वहीचं एक पान काढलं आणि एखादं तान्हं मूल दाखवावं तसं समोर धरलं.

नॉर्बर्टने भिंग लावलं. मग पाकिटातला फोटो काढला. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. पानावरची सही आखूड, वेडीवाकडी, मांजर अंगावरून गेल्यासारखी होती.

"खोटी," नॉर्बर्ट म्हणाला. हळू म्हणाला असता तर चाललं असतं. पण टपाल कचेरीत यंत्रांच्या आवाजात बोलायची सवय. सगळ्या हॉलने मान वळवली.

"का बरं?" हॉवसेपने विचारलं.

"डेल्फीनच्या डीला शेपूट असतं. खाली उतरतं, डावीकडे वळतं आणि ऐटीत वर येतं. तुमच्या डीला शेपूटच नाही. शिवाय ही सही घाईत केलीय. डेल्फीन मार्लो घाई करणारी बाई नव्हती."

"ओळखत होता वाटतं?"

"पत्रव्यवहार होता आमचा," नॉर्बर्ट म्हणाला. (इकडून चार पानं, तिकडून एक ओळ. पण व्यवहार तो व्यवहारच.)

हॉवसेपचा चेहरा बीटसारखा झाला. "साहेब, ही सही माझ्या मावशीच्या समोर केलेली आहे. मावशी डेल्फीनबाईंचे केस करायची. डोक्याला पिना लावलेल्या, एका हातात सँडविच, अशा अवस्थेत त्यांनी या वहीत सही केली. म्हणजे माझी मावशी, देव तिच्या आत्म्याला शांती देवो, खोटारडी?"

"मावशीचं मला माहीत नाही. मला शेपटाचं माहीत आहे."

"आणि तुमची ती शेपटाची सही कशी आली तुमच्याकडे?"

"टपालाने. थेट स्टुडिओतून. शिक्क्यासकट पाकीट आहे माझ्याकडे."

"टपालाने!" हॉवसेपने आजूबाजूला बघितलं आणि खो खो हसायला लागला. शेजारच्या टेबलावरचे दोघंही हसले. "अहो, टपालाने आलेली सही फक्त टपालवाल्यालाच खरी वाटते!"

आता नॉर्बर्ट टपालवाला होता हे त्या बिचाऱ्याला कुठून माहीत असणार? पण नॉर्बर्टच्या अंगाचा तिळपापड झाला. पाऊस असो, वणवा असो, चौतीस वर्षांत आपल्या हातून एक पाकीट चुकीच्या दारात गेलं नाही. टपालाने येतं ते खरंच असतं, असं त्याने भर हॉलमध्ये ठणकावून सांगितलं. वाद वाढला, माणसं जमली, आणि शेवटी पैज लागली. पुढच्या रविवारी हॉवसेपने जेवायला घरी यायचं आणि फोटो बघायचा. सही अस्सल निघाली तर वहीचं पान नॉर्बर्टला फुकट. नाहीतर पुढच्या बाजारात नॉर्बर्टने खुर्चीवर उभं राहून सगळ्यांदेखत मावशीची माफी मागायची.

रागारागात बाहेर पडताना दाराजवळ एका टेबलावर जुन्या किटल्यांच्या मध्ये त्याला डेल्फीनचे तीन फोटो दिसले. भिंग लावलं. तिन्ही डींना शेपूट! विकणारी बाई जांभया देत होती. तिला डेल्फीनही माहीत नव्हती आणि शेपूटही. नॉर्बर्टने तिन्ही विकत घेतले आणि शीळ घालत घरी आला.

"हे बघ," त्याने ते जेवणाच्या टेबलावर मांडले. "तिन्ही अस्सल. शेपटाला शेपूट जुळतंय."

लोरीनने चष्मा लावला आणि ती मटकन खाली बसली.  तिने एका फोटोवरून हळूच बोट फिरवलं. "अगं बाई," ती म्हणाली, "ही मधली शुक्रवारची दिसतेय."

"शुक्रवारची?"

"नाही, म्हणजे… जरा दमल्यासारखी वाटते ना?"

"कोण?"

"सही," लोरीन म्हणाली आणि गॅसवर काही नसतानाही ते उतू जाईल म्हणून स्वयंपाकघरात गेली.

तो आठवडाभर लोरीनने काय काय केलं! रविवारी बेकर्सफील्डला बहिणीकडे जाऊ म्हणाली. बहिणीशी तिचं सहा वर्षं बोलणं नव्हतं. मग म्हणाली, ओव्हन बिघडलाय, जेवणाचं जमणार नाही. नॉर्बर्टने ओव्हन चालू करून दाखवला. शनिवारी तर ती सरळच म्हणाली, "नॉर्बर्ट हॅस्किन्स, ऐक माझं. त्या माणसाला फोन कर आणि सांग, की ज्याची सही त्याला प्यारी. पैज राहू दे." पूर्ण नावाने हाक मारली म्हणजे प्रकरण गंभीर असतं, हे नॉर्बर्टला ठाऊक होतं. पण इथे त्याच्या डेल्फीनवर शिंतोडे उडाले होते.

"तुला नाही कळायचं," तो म्हणाला. "त्या बाईने मला तेव्हा सांभाळलंय."

लोरीन बटाटे सोलायला लागली.

रविवारी साडेबाराला हॉवसेप आला. हातात बायकोने दिलेला बकलाव्याच्या मिठाईचा डबा, अंगात काळा कोट. जणू कुणाच्या मयताला आला होता. लोरीनने केलेलं भाजलेलं गोमांस तो दोनदा मागून जेवला. मग हात स्वच्छ धुऊन त्याने फोटो चौकटीतून काढायला सांगितला. भिंग लावलं. उलटा केला, सुलटा केला, कागदाचा वास घेतला, खिडकीपाशी नेला. पाकिटावरचा शिक्का तपासला. नॉर्बर्ट छाती पुढे काढून उभा होता.

"कागद खरा," हॉवसेप शेवटी म्हणाला. "फोटो त्या काळचा, स्टुडिओतच छापलेला. शाई खरी, फाउंटन पेनची. हाताने लिहिलेलं आहे, शिक्का नाही, छापील नाही. साल बरोबर, पाकीट बरोबर." त्याने एक उसासा टाकला. "सगळं खरं आहे साहेब. फक्त बाई खोटी आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे डेल्फीनबाईंना आठवड्याला हजारांनी पत्रं यायची. त्या सह्या करत बसल्या असत्या तर सिनेमात काम कोणी केलं असतं? स्टुडिओ त्यासाठी पोरी ठेवायचे. सही त्या पोरीच करायच्या. आमच्या धंद्यात शेंबडं पोरसुद्धा हे जाणतं."

"इतरांचं तसं असेल!" नॉर्बर्ट ओरडला. "पण इथे माझं नाव आहे! मफलरचं लिहिलंय! माझी आई गेली होती हे वाचून लिहिलंय! नुसती सही करणारी पोर हे कशाला लिहील?"

 अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाला मफलरवरून असं भांडताना बघून हॉवसेपलाच कसंतरी झालं. "जरा पाणी घेतो," असं पुटपुटत तो स्वयंपाकघरात गेला.

पाण्याचा आवाज आला नाही. ग्लासाचाही नाही. मिनिटभराने हॉवसेपने आतून, देवळात बोलावं तशा आवाजात हाक मारली, "हॅस्किन्ससाहेब, तुमच्या घरात कोण कोण राहतं?"

"मी आणि लोरीन. का?"

"जरा इकडे या. भिंग घेऊन या."

फ्रीजच्या दारावर चुंबकाने लावलेली एक चिठ्ठी होती. ती नेहमीच असे. कागद बदलायचा, जागा तीच. "नॉर्बर्ट, कचरा बाहेर ठेव. डझनभर अंडी आण. बाहेर पडताना मफलर घालत जा." हॉवसेपने फोटो चिठ्ठीशेजारी धरला. इथला नॉर्बर्ट आणि तिथला नॉर्बर्ट. इथला मफलर आणि तिथला मफलर. आणि डझनातल्या डीचं शेपूट खाली उतरलं, डावीकडे वळलं आणि ऐटीत वर आलं.

छत्तीस वर्षं ही चिठ्ठी नॉर्बर्ट रोज वाचत होता. अख्ख्या बरबँकची अक्षरं ओळखणाऱ्या माणसाने तिचं अक्षर एकदाही बघितलं नव्हतं. बायकोची चिठ्ठी कोणी अक्षरासाठी वाचतं का? ती वाचायची आणि कचरा बाहेर ठेवायचा.

"लोरीन," तो वळला. लोरीन दारात उभी होती, हातात काटे-चमच्यांचा जुडगा.

"बस आधी," ती म्हणाली. "तुम्हीही बसा, मिस्टर बेदिकियन. पैज तुम्ही जिंकलात. मी हरवलंय त्याला."

मग तिने सांगितलं. अठरा वर्षांची असताना ती 'कुठल्याशा कचेरीत' कामाला होती, असं नॉर्बर्टला माहीत होतं. ती कचेरी म्हणजे स्टुडिओतली सुतारशाळेमागची एक खोली. खिडकी नाही, सरसाचा वास, लांबलचक टेबल आणि बारा पोरी. एकेकीला एकेक नट नाहीतर नटी वाटून दिलेली. लोरीनच्या वाट्याला डेल्फीन मार्लो आली. दिवसाला चारशे सह्या. शुक्रवारी दुपारपर्यंत बोटं इतकी आखडायची, की शेपूट वर यायला कुरकुर करायचं. पहिल्याच दिवशी कागद लिहून घेतला होता, की सह्या आम्ही करतो हे आयुष्यात कुणाला सांगणार नाही. "त्या कागदावर तेवढी माझ्या स्वतःच्या नावाची सही होती," लोरीन म्हणाली. "बाकी सगळ्या डेल्फीनच्याच."

"डेल्फीनबाई कधी आल्या होत्या तिथे?" हॉवसेप पुढे सरकून बसला होता.

"एकदाच. नाताळात, खाऊच्या गोळ्यांचा डबा घेऊन. माझ्या मागे उभी राहून बघत होती. म्हणाली, 'माझ्यापेक्षा तुझीच छान येते गं. फक्त बँकेत करू नकोस.'"

हॉवसेप हसून हसून खोकायला लागला. नॉर्बर्ट हसला नाही. तो फोटोकडे बघत होता. पंचेचाळीस वर्षं जिने सांभाळलं ती बाई डोळ्यांदेखत निघून चालली होती, आणि तिच्या जागी कोण येतंय ते त्याला अजून नीट दिसत नव्हतं.

"तुला कधी कळलं?" त्याने विचारलं.

"साठ साली. तू नेब्रास्काहून इकडे आल्यावर मला पहिल्यांदा तुझ्या खोलीवर कॉफीला नेलंस तेव्हा. कॉटच्या वर हा फोटो. मी तर कप सांडणारच होते. म्हटलं, मी टपालात टाकलेलं पाकीट या पोराला पोचलं, आणि मागोमाग पोरगा मला पोचता झाला."

"मग तेव्हाच बोलली का नाहीस?"

"बोलणार होते. पण तू आईचं सांगायला लागलास. त्या बाईशिवाय मला कुणी मफलर घाल म्हणालं नाही, म्हणालास. मग मी काय तिला तुझ्यापासून काढून घेऊ?" लोरीनने पदर नसल्यामुळे हातातल्या फडक्यानेच डोळे टिपले. "म्हटलं, आपणच रोज सांगत राहू. कधी ना कधी याच्या डोक्यात प्रकाश पडेल. छत्तीस वर्षं लिहितेय, नॉर्बर्ट. फ्रीज तीन झाले."

यावर नॉर्बर्ट उठला आणि परक्या माणसादेखत त्याने बायकोला घट्ट मिठी मारली. असलं काही त्या घरात फार वर्षांत झालं नव्हतं. काटे खाली पडून मोठा आवाज झाला. हॉवसेपने मान वळवून खिडकीबाहेर बघितलं, आणि मग काय करावं ते न सुचून स्वतःच आणलेला बकलावा स्वतःच संपवला.

पुढच्या पहिल्या रविवारी नॉर्बर्ट हॉलमध्ये खुर्चीवर चढला. मावशीची माफी त्याने दिलदारपणे मागितली, मावशीचं पान रोख पैसे देऊन विकत घेतलं, आणि तिथेच खाली उतरला असता तर गोष्ट छान संपली असती. पण चार माणसं समोर उभी दिसली की त्याला राहवत नाही.

"मित्रांनो," तो म्हणाला, "सही खोटी निघाली याचं मला दुःख नाही. चारशे सह्यांच्या ढिगात एका अठरा वर्षांच्या पोरीने एका पोरक्या मुलाचं पत्र वाचलं. नियम मोडून त्याच्यासाठी, फक्त त्याच्यासाठी, एक ओळ लिहिली. आणि देवाने त्या दोघांची गाठ घालून दिली! ही पाहा ती!" त्याने फोटो उंच धरून मफलरचं वाक्य मोठ्याने वाचलं. हॉल गहिवरला. एका बाईने रुमाल काढला.

तेवढ्यात मागून एक टकला गृहस्थ पुढे आला. "माफ करा," तो म्हणाला, "मी मिनेसोटाचा. माझ्याकडेही एक आहे." त्याने पिशवीतून डेल्फीन काढली. "एल्डन, बाहेर पडताना मफलर घालत जा."

"माझ्या थोरल्या भावाकडेही असंच होतं," दाराजवळून कुणीतरी म्हणालं. "आम्ही विस्कॉन्सिनचे."

किटल्यांवाल्या बाईने जांभई अर्धी सोडून सांगितलं, की तिच्या फ्लोरिडातल्या मामाच्या फोटोवर 'उन्हात टोपी घालत जा' असं होतं.

नॉर्बर्ट खुर्चीवरूनच लोरीनकडे वळला. सगळा हॉलही वळला.

"बर्फाच्या राज्यांना मफलर," लोरीन खालमानेने म्हणाली. "उन्हाच्या राज्यांना टोपी. पावसाळी ओरेगॉनला छत्री. सही करून करून कंटाळा यायचा रे. आणि पाकिटावर गाव दिसायचंच."

"म्हणजे… माझं पत्र?"

"रोज चारशे यायची, नॉर्बर्ट. वाचणार कधी?"

नॉर्बर्ट खुर्चीवरून सावकाश खाली उतरला. हॉवसेपने त्याला हात दिला. दोघं गाडीकडे निघाले. मार्चचा गार वारा सुटला होता. लोरीनने त्याचा दंड धरला.

"रागावलास?"

"नाही," तो म्हणाला. "पण एवढ्या हजारो पोरांत माझ्यात वेगळं काहीच नव्हतं?"

लोरीनने पर्समधून लोकरीचा मफलर काढला आणि त्याच्या गळ्याभोवती दोन वेढे दिले.

"होतं ना," ती म्हणाली. "बाकीच्या सगळ्यांनी ऐकलं असणार. न ऐकणारा तू एकटा निघालास, म्हणून तर तुझ्याशी लग्न करावं लागलं."

नॉर्बर्टला यावर सणसणीत उत्तर द्यायचं होतं. पण नेमकी त्याच वेळी त्याला शिंक आली.